रेंज फुल, मग फॉर्म काहून जात नाही?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे. गाडीच्या आवाजात जे ऐकू आलं नसेल, ते इथं वाचून घ्या.)

आज एका फॉर्मची गोष्ट सांगतो, आणि त्या निमित्तानं तुमच्या फोनच्या पोटात काय चालतं तेही सांगतो. टेक्निकल आहे, पण घाबरू नका. माझ्या बाबांना समजावून झालंय, म्हणजे तुम्हालाही समजेल.

जानेवारीचे दिवस होते. मी अमरावतीला राहायचो आणि कामासाठी अकोल्याला जायचो. धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता, आणि त्याच संध्याकाळी मुदत संपणार होती. शेवटच्या दिवशी का, असं विचाराल. उत्पन्नाचा दाखला त्याच दिवशी दुपारी हातात आला. बाबांनी गावाहून त्याचा फोटो पाठवला. आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात. मी म्हटलं काळजी नको, गाडीत बसल्या बसल्या भरतो. तासाभराचा तर प्रवास.

बडनेऱ्याला गाडीत बसलो. चार कागद, मिळून सहा एमबी. अपलोड दाबलं. निळी पट्टी सरसर पुढे गेली आणि नव्वद टक्क्यांवर थांबली. वर पाहिलं तर रेंजच्या चारही दांड्या भरलेल्या. टाकळी गेलं, कुरुम गेलं, पट्टी तिथंच. मग लाल अक्षरात आलं : पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला, तर पहिल्यापासून सुरू! शून्य टक्के. मानापर्यंत साठ टक्के. मग पुन्हा बंद. मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा पट्टी भराभर पळाली, मला वाटलं झालं. तेवढ्यात स्क्रीनवर आलं : सत्र संपले, परत लॉगिन करा. ओटीपी मागवला. ओटीपी आला तो काटेपूर्णा गेल्यावर. अकोल्याला उतरून धावत सायबर कॅफेत गेलो, तोवर खिडकी बंद झाली होती. म्हणजे वेबसाइटची खिडकी.

त्या वर्षी बहिणीच्या होस्टेलचे पैसे भरायला बाबांनी घरात आलेली तूर भाव नसताना विकली. थोडं थांबले असते तर बरा भाव मिळाला असता. ते मला रागावले नाहीत. फक्त रात्री जेवताना विचारलं, "रेंज फुल होती म्हनतो तू, मंग फारम गेला काहून नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि मंडळी, मी इंजिनिअर आहे. कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय मी पास झालेलो आहे. पेपरात "टीसीपी म्हणजे काय" याचं उत्तर दोन पानं लिहिलं होतं. पण बाबांच्या एका ओळीच्या प्रश्नाला काही सुचलं नाही. हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी दांड्यांचं बोलू

फोनवर ज्या दांड्या दिसतात, त्या मुख्यतः एकच गोष्ट सांगतात : टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय. तुमचा आवाज टॉवरपर्यंत जातो की नाही, हे त्या सांगत नाहीत.

आणि या दोन आवाजांत मोठा फरक आहे. टॉवर वीस-चाळीस वॅटनं बोलतो. तुमचा फोन 4जीवर जास्तीत जास्त ०.२ वॅटनं बोलतो. टॉवरकडे मोठा अँटेना आणि तीक्ष्ण कान आहेत, त्यामुळे बरंचसं भागतं. पण तुम्ही टॉवरपासून लांब गेलात, वर लोखंडी डबा, त्यात एसीचा असेल तर काचेवर धातूचा पातळ थर, की आधी तुमचा आवाज तुटतो. टॉवर ऐकू येतोय, पण टॉवरला तुम्ही ऐकू येत नाही. शेताच्या धुऱ्यावरून बाबा हाक मारतात ती आपल्याला ऐकू येते, पण आपण "आलो" म्हणतो ते त्यांच्यापर्यंत जात नाही, तसंच.

म्हणून रील चालते आणि फॉर्म जात नाही. रील म्हणजे टॉवरनं बोलायचं आणि तुम्ही ऐकायचं. फॉर्म म्हणजे तुम्ही बोलायचं.

हे झालं अर्धं उत्तर. कारण कुरुम-मानादरम्यान नेट पूर्ण वेळ गेलेलं नव्हतं. येत होतं, जात होतं. मग आलेल्या वेळात तरी काम का झालं नाही? खरी गंमत इथं आहे.

संत्र्याच्या पेट्या आणि पोचपावती

इंटरनेटवर काहीही पाठवायचं म्हणजे त्याचे तुकडे करायचे. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात, साधारण दीड हजार बाइटचं. माझे सहा एमबी म्हणजे चार हजारांवर पॅकेटं. ही पॅकेटं पाठवायची, क्रमानं लावायची, हरवलेली पुन्हा पाठवायची, हे सगळं काम टीसीपी नावाचे नियम करतात. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी त्याचा आराखडा छापला.

वरूडचा एक बागायतदार समजा. त्याला संत्र्याच्या हजार पेट्या मुंबईला वाशीच्या मार्केटला पाठवायच्या आहेत. प्रत्येक पेटीवर नंबर. तिकडचा माणूस पेटी मिळाली की पोचपावती पाठवतो. आपला बागायतदार हुशार आहे. तो एकदम हजार पेट्या रस्त्यावर लोटत नाही. आधी दहा पाठवतो. दहाच्या पावत्या आल्या की वीस. वीसच्या आल्या की चाळीस. पावत्या वेळेवर येतायत म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं तो समजतो आणि वाढवत जातो.

एखाद्या पेटीची पावती आली नाही तर? तर तो समजतो की रस्त्यावर गर्दी झाली. ट्रक अडकले. मग तो ताबडतोब माल निम्म्यावर आणतो. आणि बराच वेळ एकही पावती आली नाही, तर तो एकदम एका पेटीवर येतो.

टीसीपी हेच करतं. आजच्या बहुतेक फोनमध्ये क्युबिक नावाची सुधारलेली पद्धत असते, ती निम्म्याऐवजी साधारण तीस टक्के कमी करते. पण समज तीच. पावती नाही म्हणजे गर्दी.

आता सांगा, पेटी रस्त्यात गर्दीमुळेच हरवते का? खड्ड्यात ट्रक उसळून एक पेटी खाली पडली असेल तर? रस्ता मोकळाच आहे. अशा वेळी माल निम्मा करून काय फायदा? उलट पडलेली एक पेटी पुन्हा पाठव आणि चालू ठेव. पण आपला बागायतदार खड्डा ओळखत नाही. त्याला फक्त गर्दी माहीत आहे.

तार किंवा फायबरमध्ये खड्डे जवळपास नसतात. तिथं पॅकेट हरवलं तर बहुतेक वेळा गर्दीच असते. हवेत मात्र खड्डेच खड्डे. पाऊस, डोंगर, आडवी आलेली मालगाडी, चालती गाडी एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जाणं, हे सगळे खड्डे.

ही समज आली कुठून?

यात कोणाचा मूर्खपणा नाही, हे आधी सांगतो. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एक विचित्र प्रकार झाला. बर्कलीतली प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ, यांच्यात अंतर ४०० यार्ड. म्हणजे आपल्या राजकमल चौकातून चालत पाच मिनिटं जाल तेवढंच. त्यांच्यातल्या लाइनचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट होता, तो ४० बिटवर आला. हजार नाही हं, चाळीस! कारण पॅकेट हरवलं की प्रत्येक कॉम्प्युटर पुन्हा पाठवायचा, त्यानं गर्दी आणखी वाढायची, आणखी हरवायचं, आणखी पाठवायचा. अरुंद गल्लीत सगळ्यांनी एकाच वेळी हॉर्न वाजवत गाडी घालावी, तसं.

व्हॅन जेकबसन नावाच्या माणसानं यावर उपाय काढला आणि १९८८ मध्ये छापला. हरवलं तर गर्दी समजा आणि मागे हटा. त्या एका उपायानं इंटरनेट वाचलं. त्यानं लिहितानाच कारण दिलं होतं की बहुतेक मार्गांवर पॅकेट खराब होऊन हरवण्याचं प्रमाण एक टक्क्याहून खूपच कमी असतं. त्या काळच्या तारांसाठी ते बरोबरच होतं.

गंमत म्हणजे टीसीपीचं बालपण रेडिओवर गेलंय. २२ नोव्हेंबर १९७७ ला कॅलिफोर्नियात रस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून रेडिओनं पॅकेटं सोडली होती. ती उपग्रहावरून अटलांटिक पार जाऊन परत कॅलिफोर्नियात पोचली. म्हणजे चालत्या गाडीतून इंटरनेट ही कल्पना आपल्या पॅसेंजरइतकीच जुनी आहे. पण पुढं जे नियम घट्ट झाले, ते तारांच्या गर्दीत घट्ट झाले.

आता थोडा हिशेब, थोडाच. १९९७ मध्ये संशोधकांनी एक सूत्र दिलं, की जुन्या टीसीपीचा वेग किती पॅकेटं हरवतात त्याच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात असतो. पॅकेट जाऊन पावती यायला १०० मिलिसेकंद लागतात असं धरा. दहा हजारांत एक पॅकेट हरवलं तर वेग साधारण १४ एमबीपीएस. शंभरात एक हरवलं तर १.४. शंभरात चार हरवली तर ०.७. तुमचा रस्ता २० एमबीपीएसचा असू द्या, नाहीतर ५० चा.

आठवतं का, जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला हायवेवर लोणी ते माना ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीजचा विक्रम झाला होता? तो रस्ता झकास झाला. पण रस्ता कितीही झकास असला, तरी एक पेटी पडली की गाडी अर्ध्या वेगानं चालवणारा ड्रायव्हर बसवला तर? 5जी आलं की सगळं सुटेल असं म्हणणाऱ्यांना हे सांगत जा. 5जी म्हणजे रस्ता. टीसीपी म्हणजे ड्रायव्हर.

नेट आलं, तरी फोन गप्प

आता माझ्या नव्वद टक्क्यांवर येतो. ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, आणि ती तुम्हाला रोज उपयोगी पडेल.

एकही पावती येत नाही, तेव्हा टीसीपी थोडं थांबून एक पॅकेट पुन्हा पाठवतं. किती थांबतं? सुरुवातीला एक सेकंद धरू. फोनमध्ये प्रत्यक्षात ते याहून कमी असू शकतं, पण चाल तीच. एक सेकंदानं पाठवलं, पावती नाही. मग दोन सेकंद थांबतं. मग चार. मग आठ. मग सोळा. मग बत्तीस. दर वेळी दुप्पट.

आता बेरीज करा. १ अधिक २ अधिक ४ अधिक ८ अधिक १६, झाले ३१ सेकंद. पुढचा प्रयत्न आणखी ३२ सेकंदांनी, म्हणजे ६३ व्या सेकंदाला.

समजा कुरुमच्या पुढं ३५ सेकंद नेट गेलं. ताशी १०० किलोमीटरनं गाडी तेवढ्यात जवळपास एक किलोमीटर जाते. ३५ व्या सेकंदाला नेट आलं. दांड्या फुल. पण माझं टीसीपी डोळे मिटून बसलंय, ६३ व्या सेकंदाची वाट पाहत. २८ सेकंद मोकळा रस्ता समोर, आणि ट्रक हलत नाही. त्यात वेबसाइटनं नियम केलेला असतो की साठ सेकंदांत उत्तर नाही आलं तर संबंध तोडा. झालं! ६३ वा सेकंद येण्याआधीच लाल अक्षरं आली.

म्हणूनच आपण सगळे जी युक्ती करतो ती खरंच चालते. एरोप्लेन मोड चालू करून बंद करणं, किंवा ॲप बंद करून उघडणं. लोक म्हणतात देवाला नारळ फोडल्यासारखं आहे. नाही मंडळी, त्यामागं कारण आहे. जुनं रुसून बसलेलं कनेक्शन मोडतं, नवीन कनेक्शन पुन्हा एक सेकंदापासून मोजायला लागतं. फक्त अपलोड पहिल्यापासून सुरू होतं, ही त्याची किंमत.

यावर कोणी काही केलं की नाही?

केलं ना. आणि त्यात आपल्या विदर्भाचा एक धागा आहे. हरी बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा. पुढं वाढले मुंबई आणि चेन्नईत, शिकले आयआयटी मद्रासला आणि नंतर बर्कलीला. हो, तेच बर्कली. आज ते एमआयटीत प्राध्यापक आहेत. १९९५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'स्नूप' नावाची पद्धत मांडली. कल्पना साधी आहे. टॉवरपाशी एक राखणदार बसवायचा. त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची एक प्रत जवळ ठेवायची. हवेत पॅकेट पडलं तर त्यानंच तिथल्या तिथं पुन्हा द्यायचं, आणि वरूडच्या बागायतदाराला काही कळूच द्यायचं नाही. म्हणजे तो उगाच घाबरून माल निम्मा करणार नाही.

आजच्या 4जीत टॉवर आणि फोन आपसातच हरवलेलं पुन्हा पाठवतात, ती याच जातीची कल्पना. त्यामुळं पॅकेट हरवण्याचं प्रमाण खूप कमी झालं. पण एक नवीन भानगड झाली. पॅकेट हरवत नाही, उशिरा पोचतं. आता ५० मिलिसेकंद, मग एकदम दोन सेकंद, मग पुन्हा ५०. टीसीपी गोंधळतं. पावती उशिरा येते, तोवर यानं "गेलं" म्हणून पुन्हा पाठवलेलं असतं.

मग २०१६ मध्ये गूगलनं 'बीबीआर' आणलं. त्यातही तेच व्हॅन जेकबसन आहेत, २८ वर्षांनी! स्वतःच घातलेला नियम स्वतःच दुरुस्त करायला बसलेला माणूस. मला याचं फार कौतुक वाटतं. बीबीआर एक पेटी हरवली म्हणून घाबरत नाही. ते मोजतं : पावत्या किती वेगानं येतायत, आणि कमीत कमी किती वेळात येतायत. त्यावरून रस्त्याचा अंदाज घेतं.

आणि तिसरं, 'क्विक'. गूगलमध्ये सुरू झालं आणि मे २०२१ मध्ये सगळ्या जगाचा मानक नियम झालं. यूट्यूब बघताना तुमच्या फोनमध्ये बहुधा तेच चालू असतं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, टीसीपीचं कनेक्शन तुमच्या आयपी पत्त्याला बांधलेलं असतं. घरच्या वायफायवरून बाहेर पडून मोबाइल डेटावर आलात की पत्ता बदलतो आणि कनेक्शन मरतं. क्विकमध्ये कनेक्शनला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. पत्ता बदलला तरी माणूस तोच, संबंध चालू. दुसरं, टीसीपीत पाच नंबरची पेटी हरवली तर सहा ते पन्नास पोचूनही दाराशीच उभ्या राहतात, कारण क्रम. क्विकमध्ये फोटोची रांग वेगळी, मजकुराची वेगळी. एकीचं अडलं म्हणून दुसरी अडत नाही.

मग सगळं सुटलं का? नाही. नियम दोन्ही टोकांना हवेत. तुमच्या फोनला क्विक येतं, पण समोरची वेबसाइट जुन्यावरच बसली असेल तर बोलणं जुन्यातच होणार.

पैशाचं वेगळं आहे

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण इथं पैसे जातात.

टॉवर चौकाच्या टपरीवर चहा घेतला, यूपीआयनं पैसे टाकले, गोल गोल फिरतंय. पावती आली नाही. याचे दोन अर्थ होतात. एक, तुमचा निरोपच बँकेपर्यंत गेला नाही. दोन, निरोप गेला, पैसे कापले, फक्त "झालं" हा परतीचा निरोप हवेत पडला. तुमच्या बाजूनं दोन्ही अगदी सारखंच दिसतं. फोन कितीही महागाचा घ्या, त्या क्षणी त्याला फरक कळू शकत नाही. संगणकशास्त्रात हे सिद्ध झालेलं आहे, की भरवशाच्या नसलेल्या वाटेवर दोघांनाही पक्की खात्री देणारी देवाणघेवाण करताच येत नाही.

म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक नंबर असतो. त्याच नंबरचा निरोप दहा वेळा गेला तरी पैसे एकदाच कापले जावेत, अशी ती रचना. पण तुम्ही वैतागून पुन्हा क्यूआर स्कॅन केला, की तो नवीन नंबर. नवीन नंबर म्हणजे नवीन व्यवहार. म्हणून पेंडिंग दिसत असेल तर फॉर्मवाली युक्ती इथं करायची नाही. आधी हिस्ट्री बघा, बँकेचा मेसेज बघा. चहावाला ओळखीचा असतो, दोन मिनिटं थांबतो.

मग आपण करायचं काय?

एक. काही पाठवायचं असेल तर चालत्या गाडीत सुरू करू नका. मूर्तिजापूर, अकोला, बडनेरा अशा स्टेशनवर गाडी उभी असताना करा. मी हे किंमत मोजून शिकलो.

दोन. फाइल लहान करा. दाखल्याचा फोटो दीड एमबीचा असायची गरज नसते, दोनशे केबीत अक्षरं वाचता येतात. लहान फाइल दोन खड्ड्यांच्या मधल्या वेळात निघून जाते.

तीन. अपलोड करताना फोटोंचं बॅकअप बंद ठेवा. तुमच्याच फोनमधले लग्नाचे व्हिडिओ रांगेत पुढे उभे राहतात आणि फॉर्म मागे.

चार. फोन सारखा 5जी-4जी उड्या मारत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन थोडा वेळ 4जीवर बसवा. कमी वेगाचं पण टिकणारं नेट फॉर्मसाठी चांगलं.

पाच. अडकलं तर पाठवण्याच्या कामाला एरोप्लेन मोड. पैशाच्या कामाला हिस्ट्री. याची अदलाबदल करू नका.

आणि हा सहावा मुद्दा सगळ्यांसाठी नाही. आपल्याकडची कितीतरी पोट्टे-पोट्टी पुण्यात, हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. हे ऐकत असाल तर तुमच्यासाठी. तुम्ही ॲप बनवता ऑफिसच्या वायफायवर, आणि ते वापरलं जातं कपाशीच्या वावरात. ई-पीक पाहणीसारखं काम घ्या, पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा असतो. म्हणजे टॉवरपासून लांब असलेल्या जागीच फोन काढायचा. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं, पण सातपुड्याच्या डोंगराआड लहर पोचत नाही ती घोषणेनं पोचत नाही. तेव्हा माहिती आधी फोनमध्ये जतन होऊ द्या, पाठवणी मागून. अपलोड तुकड्यांत करा, नव्वद टक्के गेलं असेल तर एक्क्याण्णवपासून सुरू होऊ द्या. पुन्हा प्रयत्न केला तर जुनाच नंबर वापरा. मुद्दाम नेट मंद करून, पॅकेटं पाडून चाचणी करायची साधनं फुकट मिळतात. ती वापरा. आणि गावी येताना एकदा तुमचंच ॲप बडनेरा ते अकोला, जनरलच्या डब्यात उघडून बघा.

कारण काय होतं माहीत आहे का? फॉर्म गेला नाही की समोरचा म्हणतो, "तुमचंच नेट स्लो." आणि आपल्याकडचा माणूस ते मान्य करतो. आपलाच फोन हलका, आपल्यालाच जमलं नाही. माझे बाबा तर अजून म्हणतात की त्यांनी दाखला सकाळी पाठवला असता तर झालं असतं. दाखला दुपारी मिळाला, तो ते सकाळी कुठून पाठवणार होते?

गेल्या दिवाळीत घरी गेलो, तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. पेट्या, पावत्या, खड्डे, दुप्पट थांबणं, सगळं. ते ओसरीत बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे तुहा फोन खराब नोता."

म्हटलं, "नाही बाबा."

"अन् माह्याही नोता."

"तुमचाही नव्हता."

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पावती नाही आली म्हनून मानूस रुसून बसते हे समजलं मले. पन नेट आल्यावर यानं एकदा विचारून तं पाहाव ना, रस्ता खुला झाला का म्हनून."

मंडळी, नेमका हाच बदल करायला लोकांना तीस-पस्तीस वर्षं लागली.

बहिणीचा पुढच्या वर्षीचा फॉर्म आम्ही मुदतीच्या आठ दिवस आधी, घरून, रात्री अकराला भरला. पहिल्या झटक्यात गेला. तिनं त्या पोचपावतीची प्रिंट काढून बाबांच्या सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे.

तुमच्या वाटेवर नेट नेमकं कुठं जातं, ते मला कळवा. गावाचं नाव, गाडी की एसटी, आणि साधारण किती वेळ. परतवाड्याच्या घाटातले, तेल्हाऱ्याकडचे, दर्यापूरचे, सगळ्यांनी. पुरेसं जमलं तर पुढच्या एखाद्या भागात त्यावरच बोलू. आणि हा भाग गाडीत ऐकणार असाल तर आधी डाउनलोड करून घ्या, काय?

येतो मग. भेटू.